विरोधी नाम संवत्सर

— नाही, नाही, विहीणबाई, आता उर्दू बास झाली. आल्यापासून 'क्या जी', 'कैसा जी' करून माझी जीभ सोलून निघाली. आता काचीगुड्याचं स्टेशन आलंय, तुमची गाडी महबूबनगरकडं जाणार, माझी परभणीकडं, त्या यायच्या तेव्हा येतील, तोवर मी मराठीतच बोलणार. तुम्हांला कळत नाही ते एका परीनं बरंच आहे. देवापुढं बोललं काय, तुमच्यापुढं बोललं काय — दोघंही ऐकून घेता, उत्तर देत नाही. बसा. इकडं सावलीला सरका, ते उखळ पायाशी घ्या, कुणीतरी अडखळून पडेल. — काल मी रागानं म्हणाले, मी सकाळीच जाते. आईनं असं म्हणलं तर मुलानं काय म्हणावं? 'आई, असं काय करतीस, राहा की अजून' — असं म्हणावं की नाही? आमचा नरहर काय म्हणाला? 'टांगा आणतो.' बास. टांगा आणतो! आणि तुम्ही पण तेव्हाच तुमच्या तेलुगूत हातवारे करून काहीतरी म्हणालात, मला वाटलं माझी समजूत घालायलात, नंतर कळलं, तुम्ही पण तेच सांगत होतात, मी जाते म्हणून. तर तुमची अलिवेलू, माझी सून, तोंड एवढंसं करून काय म्हणावी? 'एकाच टांग्यात दोघी मावतील.' हे मात्र उर्दूत म्हणाली, दोघींना कळावं म्हणून. एवढी काळजी.

उर्दूचंच बघा ना. आता माझं ऐका — तुम्ही काय ऐकणार, पण मी बोलते. निजामाचं राज्य गेलं, सप्टेंबरात फौज आली, आम्ही परभणीला पेढे वाटले, आमच्या ह्यांनी — म्हणजे तुमच्या व्याह्यांनी, मुकुंदराव वकिलांनी — त्याच आठवड्यात रुमी टोपी ट्रंकेत टाकली आणि गांधी टोपी चढवली. जन्मभर कोर्टात उर्दूत भांडले, अजून हिशेबसुद्धा उर्दू आकड्यांत करतात, पण टोपी बदलली. म्हणाले, आता आपल्या भाषेचे दिवस आले. आणि आमच्या पोटच्या पोरानं बायको केली ती अशी, की तिच्याशी बोलायला उर्दूच लागते! ह्याला तेलुगू येत नाही, तिला मराठी येत नाही, दोघं कॉलेजात शिकली उर्दूत, वाचनालयात भेटली उर्दूत, प्रेमाबिमाचं जे काय बोलायचं ते बोलली उर्दूत. आणि नवरा बायकोला काय म्हणतो माहीत आहे? 'आप.' आप थक गईं क्या! आप बैठिए, पानी मैं लाता हूं! — ऐकलंत ना तुम्ही पण, तेवढं तरी कळत असेल. मला इतक्या वर्षांच्या संसारात 'अगं ए' याच्यापुढं काही ऐकायला मिळालं नाही. पाणी तर लांबच राहिलं. म्हणजे मला काही त्याचं वाईट वाटतं असं नाही. सांगितलं आपलं.

आणि मी काही जुन्या वळणाची नाही बरं का, मालन वकिलीण म्हणतात मला आमच्या गल्लीत, वर्तमानपत्र वाचून दाखवते मी बायकांना. तेलुगू तर तेलुगू, म्हणलं. जात आधी विचारून घेतली, ब्राह्मण निघालात, मग मी एक शब्द बोलले नाही. माघात लग्न झालं, ते पण आर्य समाजात, तिकडून तुम्ही दोघं, इकडून आम्ही दोघं. बाकी कुणाला बोलावलं नाही. लोकांना सांगायला बरं होतं, दिवस वाईट आहेत, प्रवासाचं खरं नाही. — वाईट होतेच. म्हणजे तोवर तसे बरे झाले होते, पण सांगायला वाईट होते.

मग ह्या दोघांनी नल्लकुंट्यात बिऱ्हाड केलं. दोन खोल्या, पुढं बोटभर अंगण. आणि ठरवलं काय, तर पहिला सण आपल्या घरात आपण करायचा. तुमची उगादी आणि आमचा पाडवा एकाच दिवशी येतो, म्हणजे भांडणाचं कारणच नाही — असं नरहरचं म्हणणं. मास्तर आहे ना, त्याला वाटतं फळ्यावर लिहिलं की झालं. मला वाटलं, पोरं आहेत, कुणी मोठं माणूस नको का जवळ? म्हणून मी आले. तर दुसऱ्या दिवशी दारात टांगा उभा, आणि त्यातून आधी हे उखळ उतरलं, मग मुसळ, मग तुमच्या त्या पितळी हंड्या, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही! मंगम्मा, हसत हसत! मी नरहरला म्हणलं, अरे, हैदराबादेत काय उखळं मिळत नाहीत? — एवढा मोठा निजाम, त्याच्या गावात?

स्वयंपाकघर केवढं? मी वळले तर तुम्हांला कोपर लागायचं. तरी मी सांभाळून घेतलं. पाडव्याला पहाटे मी डाळ शिजत घातली पुरणाला, आणि बघते तर तुम्ही पण डाळ शिजत घातलेली. मी गूळ काढला, तुम्ही गूळ काढला. मी पाटा घेतला, तुम्ही — हे तुमचं उखळ. तीच डाळ, तोच गूळ, तीच वेलदोड्याची पूड, आणि तुम्ही मला सांगता 'ये हमारा भक्ष्यालू है, तुमारा नक्को'! अहो, पुरणपोळी ती पुरणपोळी! फक्त तुमची मैद्याची आणि जाड, आमची कणकेची आणि पातळ, इतकी पातळ की पलीकडचं माणूस दिसावं. मी 'हमारे में ऐसा नै करते' म्हणलं तर तुम्ही म्हणालात, 'तुमारे में करते कैसा, पोली है की पापड?' दोन ब्राह्मणाच्या बायका, सोवळ्यात, सणाच्या दिवशी, चुलीपुढं उर्दूत भांडायल्या! शेजारची लीला — खिडकीतून बघायली होती, ती पदर तोंडात धरून पळाली.

आणि ती दोघं? ती तेल लावून नहायला बसली होती न्हाणीत, आळीपाळीनं, एकमेकांच्या डोक्यावर पाणी घालून. तुमच्यात असंच असतं म्हणाली ती. असेल. मी बाहेर आले ते गुढी उभारायला. तर गुढी उभी! पहाटेच, आम्ही उठायच्या आत दोघांनी उभी केलेली. आणि काय गुढी हो ती! काठी आमची, पाच हात वेळूची, ह्यानं कुठून तरी आणलेली. साडी तिची, लग्नातली, हिरवी गद्वालची — ते एक राहू दे. पण तांब्या! तांब्या पालथा घालतात गुढीवर, तर ह्यांनी सुलटा बांधलेला! त्यात आंब्याची पानं, वर नारळ, नारळाला हळद-कुंकू. तुमचा कलश, आमची काठी! सुतळीचे इतके वेढे दिलेले, जखमेला पट्टी बांधावी तसे, आणि नारळ तरी एका अंगाला कललेला. नरहर म्हणाला होता आदल्या दिवशी, 'आई, तुला उद्या एक गंमत दाखवायचीय.' ती गंमत ही. — आता कुणीही काय केलं असतं? ती दोघं न्हाणीत होती, मला म्हणलं तोवर नीट करून टाकावी, त्यांना कळू पण नये. मी सोडली. सुतळी सुटेना, विळीनं कापली. नारळ तुमच्या हंडीत टाकला, तांब्या पालथा घातला, साखरेची गाठी बांधली, कडुलिंबाचा डहाळा. गुढी कशी असावी तशी केली. गेल्या साली गुढी उभारायची भीती, रझाकारांनी झेंडा समजला तर काय म्हणून, परसातच उभारली होती आम्ही, कमरेएवढी. ह्या साली मोकळेपणी उभारायची, आणि ती पण सुलट्या तांब्याची? — ती दोघं बाहेर आली, केस ओले, बघत उभी राहिली. मला वाटलं रागवतील. कुणी रागवलं नाही. नरहर म्हणाला, 'छान झाली, आई.' आणि ती — ती कापलेली सुतळी गोळा करायली. एकेक तुकडा. खाली बसून.

चुकलं काय माझं त्यात? नाहीच. — बरं, तेवढ्यात तुम्ही आणलेले ते शास्त्रीबुवा आले, पंचांग वाचायला. तुमच्यात उगादीला वाचतात म्हणे, साल कसं जाणार. पोरांनी नको म्हणलेलं असणार, पण तुम्ही कुणाचं ऐकता? शास्त्रीबुवा पाटावर बसले, मोठ्यांदा म्हणाले, 'विरोधी नाम संवत्सर!' तेवढं मात्र मला पण कळलं, ते काही तेलुगू नाही, आमच्या पंचांगात पण तेच. मी म्हणलं, अगदी बरोबर नाव आहे. मग ते जे सुरू झाले — पाऊस किती, धान्य किती, राजा कोण, मंत्री कोण — राजा कोण म्हणल्यावर सगळे गप्प, कारण राजा कोण आहे ते हल्ली कुणालाच नीट सांगता येत नाही — आणि ते चाललं चाललं, आणि मी आत जाऊन पानं मांडायला घेतली, तुम्ही पण पानं मांडायला घेतली, मी केळीची, तुम्ही पळसाच्या पत्रावळी, आणि हाका मारतो तर ती दोघं नाहीत! खोल्यांत नाहीत, अंगणात नाहीत. शास्त्रीबुवा एकटेच, धान्याचे भाव सांगत.

बसलो वाट बघत. तुम्ही तुमच्या भक्ष्यालूंपुढं, मी माझ्या पोळ्यांपुढं. शास्त्रीबुवा तुमच्याकडचं जेवून, दक्षिणा घेऊन गेले. ऊन उतरलं. आली एकदाची, हातात कागदाची पुडी. कुठं गेला होता रे? तर सुलतान बाजारात. कशाला? तर इराण्याच्या हॉटेलात. चहा प्यायला! वर्षाचा पहिला दिवस, साडेतीन मुहूर्तांतला एक, घरात दोन पुरणं, आणि माझा मुलगा बायकोला घेऊन इराण्याकडं चहात बिस्किटं बुडवतो! आणि पुडीत काय? आम्हा दोघींसाठी बिस्किटं. मी म्हणलं, नरहर, ही काय सणाची रीत झाली? तर तो म्हणाला, अगदी शांतपणे म्हणाला, 'आई, तुम्हा दोघींचा सण छान झाला. आम्ही म्हणलं, आमचा कुठंतरी करावा.' — मुकुंदरावांचा मुलगा आहे हो शेवटी. वकिलाच्या तोंडचं वाक्य. मी म्हणलं, मी सकाळी जाते.

हो, आणि आता सांगून टाकते, तुम्हांला कुठं कळणार आहे — ती वाट बघता बघता मला भूक लागली होती. माझ्या पोळ्या मी खाणार नव्हते, मुलाच्या आधी आईनं खायचं नसतं. पण तुमच्या त्या चिंचेच्या भाताला काही तसा नेम नाही ना. तुम्ही पुढच्या खोलीत पंख्यानं वारा घेत होतात. दोन घास खाल्ले. दोन कसले, ताटलीभर. शेंगदाणे काय खमंग तळले होते, आणि ती मिरची! मग तुम्ही आलात, म्हणालात भात कमी दिसतो, तर मी म्हणलं, बिल्ली. बिल्ली आयी थी. — का हसलात? … तो हमाल घसरला म्हणून? हो, घसरलाच की. केळीची साल असेल. ह्या स्टेशनावर कुणाचं लक्ष नसतं.

काय बोलत होते मी? हां. सकाळचं. टांगा वळला तेव्हा मी मागं बघितलं, तुम्ही पण बघत होतात. नरहर म्हणाला होता स्टेशनवर येत नाही, शाळा आहे. काय शाळा! काठी हातात धरून उभा होता अंगणात. आणि ती स्टुलावर चढून नारळ बांधायली. तीच साडी, तोच तांब्या. सुलटा! शिळा पाडवा! काल उतरवलेली गुढी आज कुणी उभारतं? पंचांगात नाही, शास्त्रात नाही, तेलुगूत नाही, मराठीत नाही. आणि हसायली होती ती. माझ्यासमोर आल्यापासून तिनं तोंडावरची रेघ हलवली नव्हती, आणि आम्ही वळणावर गेलो नाही तर… तो पण. लहानपणी पतंग उडाला की तो असाच हसायचा, मान मागं टाकून. किती वर्षांनी बघितलं मी. लांबून का होईना.

ते जाऊ द्या. खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी ह्यांच्याशिवाय कुणापाशी बोलले नाही. मी काही त्यांना मदत करायला आले नव्हते. त्यांनी कळवलं होतं, की पाडव्याला आम्हीच परभणीला येतो. दोघं. म्हणजे ती माझ्या घरी, माझ्या गल्लीत! आणि गल्लीत मी काय सांगून ठेवलंय? नरहरची बायको कोण, तर कुलकर्ण्यांची. तिकडं तेलंगणात स्थायिक झालेलं जुनं मराठी घराणं. नाव काय? तर अलका. अलिवेलू म्हणल्यावर समोरच्या कुसुमताई विचारणार, कसली वेळ आली हो वकिलीणबाई? मी नव्हते ते ऐकून घेणार. ह्यांनी तर चौकात भाषण केलं, लग्नाहून परतल्यावर — प्रांतभेद विसरा, भाषाभेद विसरा, आता आपण एकाच आईची लेकरं — टाळ्या काय पडल्या! घरी आले, टोपी काढली, मला म्हणाले, 'सून तेलुगू आहे हे चार लोकांत बोलायची गरज नाही.' भाषण त्यांचं, नाव माझं. अलका कुलकर्णी. म्हणून मी घाईघाईनं कळवलं, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच येते. सण आपल्या घरात करायचं त्यांनी ठरवलं ते त्यानंतर. कळलं? तुम्हांला नाही कळलं, म्हणून तर —

काय? … पुन्हा बोला. … देगलूरला? तुमचे वडील देगलूरला होते? तहसिलीत? … मराठी शाळेत, तिसरीपर्यंत. — लग्न होऊन महबूबनगरला येईपर्यंत.

… थांबा. जरा थांबा. मी काय काय बोलले ते मला आठवू द्या.

'हत्तीण' मी उखळाला म्हणाले होते. तुम्हांला नव्हे. 'पोळी आहे का गोधडी' हे — हे म्हणाले, ते तुमच्याबद्दलच होतं. आणि पहिल्याच दिवशी मी नरहरला म्हणाले, ही बाई जाणार कधी ते विचार, तेव्हा तुम्ही तिथंच तांदूळ निवडत होतात, आणि वर बघून गोड हसलात, आणि मला वाटलं बिचारी किती भोळी आहे! … मग बोलला का नाहीत? सांगायचं होतं की तोंडावर! … काय? ऐकायला बरं वाटत होतं? … देगलूरच्या शेजारणी आठवल्या. त्या पण अशाच बोलायच्या. — हं. मी भांडत होते हो तुमच्याशी, आणि तुम्हांला माहेर आठवत होतं. असल्या बाईपुढं माणसानं करावं काय!

बरं, ऐका. आता ऐकतच आहात तर नीट ऐका. झालं हे चांगलंच झालं. देगलूर म्हणजे नांदेडच्या खाली, म्हणजे आपल्यातच की! मी जे सांगितलं ते फारसं खोटं नाहीच मग. तुम्ही असं करा, गणपतीला परभणीला या. तुम्ही, व्याही, ती दोघं. उघड मराठीत बोला, गल्लीभर बोला, कुसुमताईंच्या ओसरीवर बसून बोला. देगलूरच्या कुलकर्णी. कोण विचारतंय? फक्त मंगम्मा म्हणू नका, मंगलाबाई म्हणा. भक्ष्यालू नाही, पुरणपोळी. चिंचेचा भात करा, पण चिंचेचा भात म्हणूनच. आणि पोरीला अलका म्हणायचं, दोन दिवसांचा तर प्रश्न, तिला काय फरक पडतो, ती गरीब आहे —

येणार? … येणार ना? बघा, मी म्हणतच होते, समजूतदार आहात तुम्ही. … काय? … तेलुगू? … सगळ्यांसमोर तेलुगूच बोलणार? मराठीचं एक अक्षर नाही? … आणि दारातूनच 'अलिवेलू' म्हणून हाक मारणार. … मोठ्यांदा.

अहो, समोर कुसुमताईंची ओसरी आहे हो! ह्यांना मी काय सांगू?

… हसू नका. तुमची गाडी आली ती. उठा, उचला ते सामान, हमालाला हाक मारा — कुठल्या भाषेत मारायची त्यात मारा. खिडकीतून हात काय हलवता? जा म्हणते ना. मी नाही बोलत तुमच्याशी. कुठल्याच भाषेत नाही.